बुरुजातली पाण्याची वाट

सन १९११. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. गगनबावड्याकडच्या एका गडाचा बुरूज दुरुस्त करायचं काम दरबारातून माझ्याकडं आलं होतं. भोजराजाच्या काळचा बुरूज म्हणत, आणि त्याच्या ऐन पायाशी गडदेवीचं देऊळ. मी दोन यत्ता शिकलेला गवंडी. पण दगडात माझा हात धरणारा कोणी नाही, ही घमेंड. बारा वर्षांमागं बायको गेली, तेव्हापासून देवीपुढं मान वाकवली नव्हती. मागितलं तेव्हा दिलं नाहीस, मग आता कशाला, असं धरून बसलो होतो.

बुरुजाच्या चिऱ्यांत ठरावीक अंतरावर मुठीएवढी भोकं होती. मला वाटलं, जुन्यांची हयगय. गूळ-हिरडा घालून चुना मळला आणि एकूण एक भोक बुजवून टाकलं. आषाढात चार दिवस झड लागली नि भिंत दोन बोटं बाहेर फुगून तिला पोट आलं. खाली देवळाच्या ओवरीत गुरव बायकापोरांसह राहायचा. त्याला म्हटलं, "चार दिस गावात जाऊन ऱ्हावा."

तो हसला. "नाना, काम तुमचं हाय न्हवं? मग भ्यायचं कशाला?"

ते बोलणं काळजात रुतलं. तरी चुकलं म्हणायला जीभ वळेना. तसाच देवळात शिरलो आणि बारा वर्षांनी हात जोडले. "माझं काय चुकलं तेवढं सांग, बाई," एवढंच म्हणालो.

बाहेर आलो तर पायरीवर पाण्याची कातडी पखाल पाठीवर घेतलेला एक म्हातारा आडोशाला बसलेला. कोकणातलं काम सोडून कागलला घरी निघालेला. वर बघून म्हणाला, "उस्ताद, ह्यातलं पाणी भाईर कुठनं जातंय?"

"पावणं, तुमी पाणी वाहा. दगडाचं आमाला कळतंय."

"दगड तुमचा, पाणी माझं की! खालचं तोंड बांधून वरनं वततच ऱ्हायलो, तर पखाल फाटंल का न्हाय?"

मी मान वर करून बुजवलेल्या भोकांकडं बघितलं. उजेड मावळत होता. पाऊस ओसरला तसा तो उठून गेला. पुढं कागलात दोनदा विचारलं, पत्ता लागला नाही. त्याला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मी विचारलं आणि उत्तर आलं, एवढं खरं. बुरूज आजही उभा आहे.

त्या संध्याकाळी देवीपुढं बसून बायकोसाठी पोटभर रडलो. ती गेली तेव्हा रडलो नव्हतो. शरण जायचं म्हणजे हार खायची, असं मला जन्मभर वाटत आलं. आपल्याला कळत नाही एवढं कबूल केलं, तर तेवढ्यावरही आई पदर पुढं करते. तिचे उपकार माझ्या अंगावर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवाला सांगितलं, "माझं चुकलंय, गुरवा. पोरं घिऊन गावात जा." तो वळणापार दिसेनासा झाल्यावर कमरेला दोर बांधून बुरुजावरनं खाली उतरलो आणि मीच बुजवलेल्या पहिल्या भोकावर छिन्नी लावली. गढूळ पाणी भसकन तोंडावर आलं. तोंड पुसलं आणि दुसऱ्या भोकाकडं सरकलो.