चालत वाजवायची पेटी

रविकिरण पियानो वाजवतो. लातुरात जाझ वाजवणारा तो एकटाच, त्यामुळे कसा वाजवतो हे कोणी विचारत नाही. वडिलांची मोंढ्यात आडत आहे. सोयाबीनच्या जोरावर तो चेन्नईत जाझ शिकला आणि गळ्यात मफलर घालून परतला. लातूरच्या एप्रिलमध्येही तो मफलर निघत नाही.

जाझवाल्याला पूर्वज लागतो. अमेरिकेतले पूर्वज इतरांनी वाटून घेतले होते. मग याला उदगीरचे शंकरप्पा आठवले. लिंगायतांच्या मयतीला ते पेटी वाजवत. मयताला बसवून खांद्यावर न्यायचं आणि पुढे शंकरप्पा, पेटी पट्ट्याने गळ्यात, एका हाताने भाता, दुसऱ्याने भजन, थेट रुद्रभूमीपर्यंत. रविकिरणने त्यांना एकदाच ऐकलं होतं, आजोबांच्या मयतीत. तेव्हा तो कुल्फीसाठी रडत होता. मुलाखतीत तो सांगतो, त्या दिवशी मला स्वरांनी रडवलं.

शंकरप्पा कधीच गेले होते. त्यांची बायको नागम्मा एकटीच होती. तिने सगळ्या चाली गाऊन दाखवल्या, वर पेटीही दिली.

"काय देऊ, अम्मा?"

"मला काय करायचंय बाबा? मी गेल्यावर त्यांची चाल वाजव माझ्यापुढं. चालत. सगळ्या गावाला पोचवलं त्यांनी, मला पोचवायला न्हाई राहिले."

"हाव अम्मा, त्यात काय!"

तेवढ्यावर म्हातारी निर्धास्त झाली.

अल्बम निघाला. पियानो, बास, ड्रम, तिघंच. नाव 'शंकरप्पा'. मुखपृष्ठावर पेटी, पेटीवर रविकिरणचं कोपर, कोपरावर त्याची हनुवटी. शंकरप्पांचा फोटो मागच्या बाजूला, तिकिटाएवढा. पुण्यात लोकांनी डोळे मिटून माना हलवल्या. डोळे मिटले की समजलं नाही ते झाकता येतं. लातुरात त्याच्या आईनेच घरात लागलेला अल्बम बंद केला. "मयतीचं गाणं घरात कशाला रे?" रविकिरणने याला गावाचं अज्ञान म्हटलं.

मग नागम्मा गेली. तिच्या भाच्याने, सिद्धरामने, फोन केला. रविकिरणने पेटीवरची मनीप्लांटची कुंडी उतरवून पेटी गळ्यात अडकवली. दिवाणखान्यातून बाल्कनीपर्यंत गेला. चालायला लागलं की भाता थांबे, भाता हलवला की पाय थांबत. पट्टा मानेत रुतला. त्याने पेटीवर कुंडी परत ठेवली आणि स्पीकर घेऊन उदगीर गाठलं.

"पेटी कुठाय?" सिद्धरामने विचारलं.

"सिद्धरामभाऊ, हे शंकरप्पांच्याच चालीचं आहे. पुण्यात लई गाजलं."

"लाव मग."

नागम्माला खांद्यावर उचललं होतं. स्पीकरमधून बास घुमायला लागला. एकटाच. बराच वेळ.

"मोटर गरम होऊन राहिली का रे?" खांदेकऱ्यांतला एकजण म्हणाला.

"ही सुरुवात आहे. थांबा, चाल पुढं येते."

"पुढं कुठं? रुद्रभूमीत?"

मग ड्रम आला. चौघांचे पाय चार ठिकाणी पडले आणि नागम्मा बसल्या जागी एका अंगाला कलली. बायका ओरडल्या. सिद्धरामने तिला सावरलं, स्पीकर बंद केला आणि रविकिरणच्या हातात दिला.

"मागून ये."

कोणीतरी घोगऱ्या आवाजात शंकरप्पांची चाल धरली. बाकीच्यांनी टाळ्यांवर उचलली. बेसूर होती, पण नागम्मा सरळ बसून निघाली.

रविकिरण सगळ्यांच्या मागे होता, मफलर आणि मुका स्पीकर सांभाळत. ही चाल त्याने चाळीस शहरांत वाजवली होती. तिच्यावर त्याचं पाऊल एकदाही बरोबर पडलं नाही.