कुर्डूची बाग

कपाशी बोंडअळीने आणि सोयाबीन पिवळं पडून हातचं जात होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी अचलपूरच्या शाळेतून निवृत्त झालो आणि घरामागच्या मोकळ्या तुकड्यात कुर्डू पेरला. शेतात तो तण म्हणून उपटतात, पण त्याचे गुलाबी तुरे मला लहानपणापासून आवडायचे. कुर्डू उगवला, सोबत कुठूनसं सोयाबीनही आलं. निंदायला ओळखीच्या एका मावशींना बोलावलं.

"सोयाबीन उपटा, कुर्डू राहू द्या," मी म्हणालो.

"गुरुजी, तब्येत बरी हाय ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

दुपारी चहा घेऊन गेलो, तर कुर्डूचं एकही रोप उरलं नव्हतं. सोयाबीन डौलात उभं होतं. मावशी खजील होऊन बसल्या होत्या.

"म्या लय ध्यान ठेवलं, गुरुजी. पण हातच आयकेना."

दुसऱ्या दिवशी त्या लोकांच्या वावरांतून टोपलीभर कुर्डू मुळासकट घेऊन आल्या. एकेक रोप लावून लोट्याने पाणी घातलं. त्यातली अकरा जगली. तुरे आले तेव्हा त्या आपल्या शेजारणीला दाखवायला घेऊन आल्या.

"याचं काय करतेत?" शेजारणीने विचारलं.

"काई नाई," मावशी म्हणाल्या. "नुसतं पाहाचं."