न दुखणाऱ्या पोटाच्या गोळ्या

दोन डॉक्टरांच्या प्रेमाची कादंबरी लिहायला घेतली आणि निम्म्यावर गाडी अडली. नायक काही केल्या बोलेना. "याला बोलता तरी करा, नाहीतर मारून टाका," असं प्रकाशकांनी सुनावलं, तेव्हा मी नाशिकहून कोल्हापूरची एसटी धरली. माझा मावसभाऊ रणजित उचगावात दवाखाना चालवतो आणि त्याच्या जोडीला डॉक्टर पद्मजा आहेत. दोन डॉक्टर एकत्र काम कसं करतात ते तरी डोळ्यांनी बघू, म्हटलं.

दवाखान्यात शिरले तर पद्मजाबाई एका आजोबांना तंबाखूवरून झापत होत्या आणि रणजित पलीकडच्या टेबलावरून ते कौतुकाने ऐकत होता. त्याच्या समोरचा पेशंट जीभ बाहेर काढून ताटकळला होता. मला काय ते तिथेच कळलं. पाठोपाठ दुसरंही कळलं. बाई सोमवारपासून बेळगावला, भावाच्या हॉस्पिटलात जाणार होत्या.

"तू त्यांना काही बोललास का?" मी रणजितला बाजूला घेऊन विचारलं.

"बोललो की, ताई. बेळगावची हवा चांगली हाय म्हटलं."

त्यापेक्षा माझा नायक परवडला.

संध्याकाळी ऊन अजून भिंतीवर असतानाच दोघं डबे उघडून बसले. पद्मजाबाई हुपरीच्या जैन घरातल्या, त्या दिवस मावळायच्या आत जेवतात. रणजितही जेवला. दोडक्याची भाजी, भाकरी, मुकाट. लहानपणी हाच रणजित मटणातली नळी भावाच्या ताटात गेली म्हणून भर पंगतीतून उठला होता.

मला मात्र तांबडा-पांढरा (मटणाचे लाल आणि पांढरे रस्से) खायचाच होता. रणजितने मला शाहूपुरीतल्या खानावळीत पोचवलं आणि स्वतः बाहेर स्कूटरवर बसून राहिला. तांबड्याच्या पहिल्याच घोटाला मला असा ठसका लागला की नाकाडोळ्यांतून पाणी. मालकांनी पांढऱ्याची वाटी पुढे सरकवली.

"ह्यो प्या पावणं, निवांत वाटंल." मग बाहेर बघून ते हळहळले. "डॉक्टरांचं लई वंगाळ (वाईट) झालं बघा. आदी पातेलं रिकामं करत हुते. आता पोटात अल्सर हाय म्हणं. मॅडमच गोळ्या देत्यात. न्हायतर कोल्हापूरचा गडी मटान सोडंल व्हय?"

मला बरंच बोलायचं होतं, पण ठसका थांबेना.

परतीच्या दिवशी निरोप घ्यायला दवाखान्यात गेले. पद्मजाबाईंनी मला कोपऱ्यात नेलं.

"माझ्यामागं त्यांच्या पोटाकडं लक्ष ठेवा. मटणाला शिवत नाहीत, उजेडी जेवून मोकळे होतात. दुर्बिणीनं तपासून घ्या म्हणून किती वर्षं सांगते, ऐकतच नाहीत."

मटण सोडलेला माणूस आजारीच असणार, हे निदान डॉक्टरीणबाईंनीही केलं होतं. मला राहवलं नाही.

"बाई, त्याचं पोट दगड पचवेल. तुमच्याबरोबर बसून जेवता यावं म्हणून सोडलंय त्याने."

त्या तडक त्याच्या टेबलाशी गेल्या.

"डॉक्टर, पोटात दुखतं?"

रणजितने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. "न्हाय."

"कधी दुखत होतं?"

"न्हाय."

"मग मी दिलेल्या गोळ्या?"

"घेतल्या की."

"दुखत नसताना?"

"तुम्ही दिल्या होत्या."

बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून ऐकत होते. पद्मजाबाईंनी रणजितची नाडी धरली. तिची काही गरज नव्हती, आणि बराच वेळ त्यांनी ती सोडलीही नाही.

"गोळ्या बंद," त्या म्हणाल्या. "सोमवारी परत दाखवा."

"सोमवारी तर तुम्ही बेळगावात..."

"पेशंट अर्ध्यात सोडून जाते व्हय मी?"

बाकावर तंबाखूवाले आजोबाही होते. ते म्हणाले, "आता तरी मटान खाऊ द्या की त्येला."

"खाऊ दे की. माझ्याबरोबर दोडका खाऊन झाल्यावर."

माझे डोळे पुन्हा भरून आले, आणि या वेळी तांबड्याचा काही संबंध नव्हता. एसटीत बसल्यावर मी नायकाच्या तोंडी काही केल्या न बसलेलं लांबलचक प्रेमाचं भाषण, जे मला फार आवडायचं, सरळ खोडून टाकलं. आता तो नायिकेने दिलेल्या गोळ्या निमूट गिळतो, एवढंच ठेवलंय.

महिनाभराने प्रकाशकांचा फोन आला. "बाई, कादंबरी संपली तरी हा बोलत कसा नाही?"

मी म्हटलं, "बोललाय की."