गंजकी एकादशचा कारभार

बस आगाराच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. संघात अकरा जण असतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आगारात त्यांना लालचिठ्ठी म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळून. सहा महिने रॅकवरून न हललेल्या वस्तूला ते लाल चिठ्ठी लावत. चिठ्ठी लागली की ती वस्तू दुसऱ्या आगाराला जायची, नाहीतर भंगारात. मोठ्या साहेबांनी मिनतवाऱ्या केल्या तरी चिठ्ठी निघत नसे.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत स्वयंपाकघरातल्या तीन डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. बायकोने कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात जावई आला. त्याला चार महिन्यांसाठी समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला जायचं होतं. तिथे इंटरनेट नव्हतं. फक्त शुक्रवारी घरी फोन करता येणार होता. आणि मागे एक क्लब उरत होता.

गंजकी एकादश हा इंटरनेटवरच्या फुटबॉल मॅनेजरच्या खेळातला क्लब. मैदान खोटं, खेळाडू खोटे, पैसाही खोटा. खेळणाऱ्याने खेळाडू घ्यायचे, विकायचे, पगार भागवायचे, तिकिटांचे दर ठरवायचे. दर रविवारी चार वाजता सामना संगणकच खेळायचा. जावयाने हा क्लब कॉलेजात असताना काढला होता. त्याच्या अकरा मित्रांनीही आपापले क्लब काढले, आणि त्या बाराजणांची मिळून एक लीग झाली. पुढे मित्र पांगले, लीग टिकली. नऊ वर्षं त्यांची रोजची चेष्टामस्करी तिथेच चालायची.

आता क्लबवर नव्वद लाख नाण्यांचं कर्ज होतं. तीन वेगवेगळी कर्जं, त्यातलं तिसरं पहिल्या दोन कर्जांचे हप्ते फेडायला काढलेलं. हंगाम संपताना एक नाणं जरी देणं राहिलं, तरी खेळ तो क्लब कायमचा पुसून टाकत असे. जावयाने पासवर्ड कागदावर लिहून दिला. म्हणाला, बाबा, हा जाणारच आहे, तुम्ही फक्त शेवटपर्यंत सोबत करा.

सासऱ्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी फक्त पाहिलं. चाळीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम, येणारी माणसं नऊ हजार. रिकाम्या खुर्च्यांच्या झाडलोटीचा खर्च वेगळा. आघाडीचा महागडा खेळाडू गुडघा धरून अकरा आठवडे बसलेला, पगार मात्र पुरा. दुसऱ्या आठवड्यात वहीत लाल पेन फिरलं. तो खेळाडू विकला गेला. स्टेडियमचे दोन स्टँड बंद झाले. बाकावर बसून राहणारे सात जण इतर क्लबांना हंगामापुरते उसने गेले, पगार आता ते क्लब देणार होते आणि वर भाडंही. हातात आलेल्या पैशातून त्यांनी सगळ्यात लहान कर्ज आधी फेडलं, कारण सगळ्यात जबर व्याज त्याचं होतं. जावई तीन महिने मोठ्या कर्जाला घाबरून त्याचेच हप्ते भरत बसला होता.

मग त्यांनी गोलकीपर विकला.

हिशोब सरळ होता. बारा सामने, गोल शून्य, धावणं जवळजवळ नाही. किंमतही चांगली आली. त्या रविवारी गंजकी एकादश सात-शून्यने हरली. लीगच्या ग्रुपवर मित्रांनी सासरेबुवांना शोकसंदेश पाठवले. एकाने विचारलं, गोलमध्ये खुर्ची ठेवली होती का.

बायको चहा घेऊन आली, तेव्हा ते वही मिटून बसले होते.

"अहो, स्टोअरच्या दाराशी त्या वाळूच्या लाल बादल्या होत्या," ती म्हणाली. "आगीसाठीच्या. त्या कधी हलल्या होत्या का?"

"एकदाही नाही."

"मग त्यांना चिठ्ठी लावलीत?"

त्यांनी वही पुन्हा उघडली. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकोणचाळीस वर्षांचा एक गोलकीपर कवडीमोलाने उसना आणला. गुडघे गेलेले, पण हात शाबूत. वहीत त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, बादली. पुढच्या सात सामन्यांत मिळून संघावर चारच गोल झाले.

शुक्रवारी जावई घाबरत विचारायचा. सासरे आकडा सांगायचे. पंचावन्न लाख. एकतीस. अठरा. जावई तो दोनदा विचारून घ्यायचा. ग्रुपवरचे विनोद हळूहळू कमी झाले. खुर्चीवाल्यानेच एक दिवस खासगीत विचारलं, माझे दोन स्टँड बंद करू का.

शेवटच्या रविवारी देणं उरलं दोन लाख दहा हजार. तिजोरी रिकामी. सामना घरच्या मैदानावर, पहिल्या क्रमांकाच्या संघाशी. तिकीट दहा नाणी, एकदा ठरला की दर हंगामभर तोच. उघड्या स्टँडमध्ये बारा हजार माणसं मावत. सगळी आली तरी नव्वद हजार कमी पडणार होते. बंद स्टँड उघडायला पन्नास हजार लागत. ते तिकिटांच्या पैशातून कापले जात, आणि माणसं आली नाहीत तर खड्डा आणखी खोल.

बायको म्हणाली, कुठून तरी उसने नाहीत का मिळणार. ते म्हणाले, आता नाही, उसनं घेतलं तर तेही देणंच राहील, आणि खेळाडूंची विक्रीही बंद झालीय.

त्यांनी वही मागे उलटली. पहिल्या क्रमांकाचा संघ जिथे जिथे गेला, तिथल्या गर्दीचा आकडा त्यांनी हंगामभर टिपून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. सवय. सात आकडे होते. अठ्ठावीस हजारांखाली एकही नव्हता.

त्यांनी दोन्ही स्टँड उघडले.

चारला पाच मिनिटं असताना आकडा नऊ हजारांवर होता. बायको उभीच राहिली. मग तो पळायला लागला. पंधरा. बावीस. सत्तावीस. तीस हजार चारशेवर थांबला. पैसे जमा झाले, स्टँडचा खर्च गेला, हप्ता गेला. कर्जाच्या रकान्यात शून्य उमटलं. तिजोरीत चव्वेचाळीस हजार नाणी उरली.

एकतीस वर्षांत त्यांनी टेबलावर मूठ आपटली नव्हती. त्या दिवशी आपटली. कप उडाला, चहा सांडला, आणि बायको पुसायचं सोडून हसत बसली.

"जिंकलात?" तिने विचारलं.

"जिंकलो."

तिने पडद्याकडे पाहिलं. सामना तीन-शून्यने गेला होता. त्यांनी तो पाहिलाच नव्हता. ग्रुपवर अकराच्या अकरा जणांनी त्यांना हात जोडले होते. जिंकलेल्या संघाचं अभिनंदन करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी जावई ओरडला तेव्हा फोन कानापासून लांब धरावा लागला. मग नाक ओढल्याचा आवाज आला. नऊ वर्षं, बाबा, एवढंच म्हणाला.  आणि लगेच पुढचं सुरू केलं.

"बाबा, आता कर्ज शून्यच आहे, तर आघाडीला एक चांगला पोरगा, अगदी छोटंसं कर्ज काढून..."

सासऱ्यांनी शांतपणे फोन बायकोच्या हातात दिला आणि पुढच्या हंगामाचे तिकिटांचे दर आखायला बसले.