खाला आणि हंसांची जोडी

शेगडीतल्या निखाऱ्यांवर खाला उघडा तळवा धरायच्या आणि बोलत राहायच्या. धग पुरेशी आहे की नाही, ते त्यांना तळव्यानंच कळायचं. "भाजेल ना, खाला," मी एकदा कशीबशी म्हणाले. त्या हसल्या. "भाजनेवाला हात कवाच भाजून गेला, दुल्हन."

मला दोन मुलं झाली तरी त्यांच्या तोंडी मी दुल्हनच. फुलंब्रीहून लग्न होऊन मी गुलमंडीमागच्या खोलीत आले, तेव्हा शेजारी त्या आणि त्यांची मुलगी नसीम राहायच्या. खालांचे मियाँ एका जहागीरदाराकडे खानसामा होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर जहागीरदार हैदराबादला गेले, त्यांच्याबरोबर मियाँही गेले. ते काही परतले नाहीत. मागं राहिली त्यांची लांबट लोखंडी शेगडी आणि पांढऱ्या हंसांची जोडी. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की दोघं मान ताणून ओरडत. "मेरे दो शिपाई," खाला म्हणायच्या.

अख्खा हंस कसा भाजायचा, हे मियाँनी त्यांना शिकवलं होतं. निखारे मधे ठेवायचे नाहीत, दोन्ही बाजूंना सारायचे. मधे पाण्याचं ताट, म्हणजे चरबी त्यात गळते आणि भडका उडत नाही. हे सारं त्या मला इतक्यांदा सांगायच्या की मलाच ते येतं असं वाटायचं. पण घरच्या हंसांवर त्यांनी कधी सुरी धरली नव्हती.

मग नसीमला बघायला हैदराबादचे पाहुणे यायचे ठरले. मुलाच्या वडिलांनी जहागीरदाराकडं मियाँच्या हातचा तसा भाजलेला हंस खाल्ला होता. निरोपात त्यांनी त्याची आठवण काढली. खाला माझ्या दारात आल्या.

"दुल्हन, तू बोल. करू का नक्को?"

फुलंब्रीहून दोन कोंबडे मागवू, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी मान खाली घातली. आमच्यात काय न् त्यांच्यात काय, सुनेनं मान खाली घातली की तो होकार. "हौ, बरोबर हाय तुझं," म्हणून त्या वळल्या.

त्यांनी मादी कापली. दुपारभर शेगडीपाशी बसून होत्या, तळवा निखाऱ्यांवर, तोंडातून शब्द नाही. पाहुणे खूश झाले. सोयरीक जमली, नसीम सासरी गेली.

उरलेला हंस रोज दाराशी उभा राहून गल्लीच्या टोकाकडं हाका मारायचा. "चूप बैठ रे," खाला म्हणायच्या, "गये सो गये." शेगडी त्यांनी पालथी घालून ठेवली, ती परत पेटवली नाही.

तिसऱ्या थंडीत त्या आजारी पडल्या. नसीम न्यायला आली. टांग्यात बसता बसता त्या थांबल्या.

"दुल्हन, मेरे पीछे इसकू दाना डालेगी?"

मान खाली जायला लागली होती. मी ती वर उचलली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "हौ, खाला. डालूंगी."

त्यांनी तळवा माझ्या गालावर ठेवला. इतकी वर्षं निखाऱ्यांवर धरलेला तो तळवा गार होता.