बारावी मागणी

मुरलीधर अण्णा कुणालाही भेटले की आधी "कोणच्या पाळीला?" असं विचारत. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. कारखान्यातल्या माणसाला असं विचारणं समजू शकतं. पण एकदा बंदोबस्ताला आलेल्या फौजदारालाही त्यांनी तेच विचारलं, आणि तो गोंधळून "दिवसपाळी" म्हणाला. मी राहात्याजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या शाळेत शिक्षक होतो. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "शाळेला पाळ्या नसतात." "मग तुमाला वेळ हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या युनियनची पत्रं लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अण्णा गेले त्याला चार महिने झाले. मी त्यांच्यावर रागावलो होतो आणि अजूनही राग गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

ते पॅनमन होते. उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरला की नाही, हे काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन, उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून सांगायचे. माझी पत्रकंही ते तशीच बघत. "गुरुजी, लई ग्वाड लिव्हता. दाणा न्हाई." मी एकदा 'फॅसिझम' हा शब्द घातला होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. "ह्यो नगं. पाळी सुटल्यावर दमलेल्या माणसाला उभ्या उभ्या कळंल असं लिव्हा." तो शब्द मी पुस्तकांत वाचला होता. तो काय असतो ते नंतर आमच्या कँटीनमध्ये पाहिलं.

त्या वर्षी हंगामी कामगारांना कायम करण्याची लढाई होती. माझा मुलगा नितीन नऊ हंगाम गाळप-विभागात काढून प्रत्येक उन्हाळ्यात घरी बसत होता. मुलीकडचे यायचे, चहा घ्यायचे, "कायम आहेत का?" विचारायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. त्याच सुमारास तालुक्यात मोठा मोर्चा निघाला. मुसलमानांशी व्यवहार करायचा नाही, अशा शपथा झाल्या. आठवड्याभरात कँटीनमध्ये फारुकच्या बाकावर कुणी बसेना. फारुक वेल्डर, हंगाम्यांमध्ये सगळ्यांत जुना. आणि मग पोरं उघड बोलू लागली, की कायम करायच्या यादीतून फारुकसकट तिन्ही मुसलमान नावं काढा.

अण्णांनी दोन्ही आघाड्या एकदम उघडल्या. बाजाराच्या दिवशी सकाळी ते बहिष्काराविरुद्धचा फलक घेऊन तहसीलसमोर पाच-सहा जणांत बसायचे आणि चारला, पाळी सुटताना, आमच्या गेटवर. बाजारातले लोक त्यांच्यावर थुंकून जायचे. गेटवर हंगाम्यांतला संदीप, नितीनचा दोस्त, म्हणायचा, "सकाळी त्यांचे अण्णा, संध्याकाळी आमचे अण्णा. कोणच्या पाळीला खरे हो?" सगळे हसायचे.

मी त्यांना समजावलं. "अण्णा, आधी करार होऊ द्या. मग बहिष्काराचं बघू."

"गुरुजी, फारुकचं नाव यादीत ऱ्हावं, ह्ये करारातलं का भायेरचं?"

मी कागद पुढे ओढला. त्यांनी मागणीपत्र सांगायला घेतलं. अकरा मागण्या झाल्यावर म्हणाले, "बारावी लिव्हा. धर्म बघून कुनाचं नाव कापायचं न्हाई, कुनाला वाळीत टाकायचं न्हाई."

"मागणीपत्र व्यवस्थापनाला देतात. ही मागणी कुणाकडे?"

"आपल्याकडं."

मी ती लिहिली. छापायला देताना ती काढून टाकली. गेटवरची एकजूट फुटली असती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण नितीन होता.

गेटवर अण्णांनी पत्रक वाचायला घेतलं. अकरावीनंतर कागद उलटून पाहिला. माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. मग कागद खिशात घालून म्हणाले, "बारावी छापायची ऱ्हायली. ती मी तोंडानं सांगतो."

सांगून होईपर्यंत गलका सुरू झाला. संदीप ओरडला, "त्ये तहसीलचं तिकडंच ठिवा! हितं आमच्या पोटाचं बोला!"

"पोटाचंच बोलतोय रं. फारुकला पोट न्हाई व्हय?"

"न्यावं की त्यानं पोट पाकिस्तानात!"

हशा झाला. अण्णांचा आवाज चढला. "आज तुमी मॅनेजमेंटला सांगताय, तीन नावं कापा. यादी कापायची सवय तुमीच लावली, तर ती तिनावर थांबंल व्हय?"

एक चप्पल येऊन माइकवर आदळली. गर्दी निम्मी उठली. उठणाऱ्यांत नितीन होता.

पंधरवड्यात संदीपची नवी युनियन उभी राहिली, आणि जे व्यवस्थापन वर्षभर भेट देत नव्हतं त्याने तिच्याशी लगेच करार केला. यादी निम्मी कापलेली होती. उरलेल्यांचा 'पुढे विचार'. फारुक नव्हता. संदीपच्या मागे गेलेलेही कितीतरी नव्हते. नितीन होता.

मी पेढे घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं होतं. ते घासत होते.

"नितीनला सांगा, माझा राग न्हाई," ते म्हणाले. मग विचारलं, "बारावीची वळ छापखान्यानं गाळली का तुमी?"

"मी."

"बरं." ते पुन्हा दार घासू लागले. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या न देणं हाच त्यांचा दुष्टपणा, असं मी तेव्हा म्हणत होतो.

हृदयविकाराने ते गेले तेव्हा स्मशानात पंधराएक माणसं होती. कारखान्यात पहिली पाळी चालू होती. नितीनने सुटी मागितली नाही. मीही माग म्हणालो नाही. फारुक कोपरगावहून मोटरसायकलवर आला होता. तिथे तो आता ग्रिलच्या दुकानात काम करतो. त्याने तिरडीला खांदा दिला. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, नितीनचं लग्न ठरलं म्हनं. लई बरं झालं. वेल्डिंग धरायला माझ्यापाशीच शिकला त्यो."

त्याच्या बोलण्यात मी टोमणा शोधला. नव्हता.

"पत्रिका पाठवतो," मी म्हणालो.

पत्रिका छापून आल्या आहेत. मांडवात संदीप आणि त्याची सगळी मंडळी असणार. नावं घालायला मी रोज बसतो. फारुकचं अजून घातलेलं नाही.