वायूच्या खोलीचा राखणदार

हिराजीमामा गेल्याचा निरोप घेऊन उरणहून माणूस आला, तेव्हा आई आमच्या रेवदंड्याच्या घरी पडवीत कोळंबी सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. सगळी कोळंबी सोलून झाल्यावर हात धुतले आणि तो शेवटी काही बोलला का, एवढंच विचारलं. निरोप्याला ठाऊक नव्हतं. सख्खा थोरला भाऊ गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही, म्हणून शेजारणी कुजबुजल्या. त्यांना काय कळणार? आईनं मामाशी बोलणं टाकलं त्याला कित्येक वर्षं झाली होती. माझाही राग निवळलाय असं नाही, पण माझ्या बापाच्या मरणाला ज्याचा हात लागला त्याच्याबद्दल मी नाही तर कोण लिहिणार...

मामा आडदांड. त्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. तरुणपणी तो बोटीवर खलाशी होता. तिथं बोटीच्या तळाशी लागलेल्या आगीत त्याचे दोन सोबती त्याच्या डोळ्यांदेखत जळाले. नोकरी सोडून आला तो उरणच्या खाडीकाठच्या रोगणाच्या कारखान्यात, राखणदार म्हणून. तेलाची आग पाण्यानं विझत नाही, उलट पसरते, म्हणून शेठनं पिंपांच्या कोठीला वायूची सोय करून घेतली होती. कोठीबाहेर माणसाएवढ्या लोखंडी बाटल्या रांगेनं उभ्या, त्यांच्या नळ्या भिंतीतून आत गेलेल्या. आग लागली की दार लावायचं आणि बाटल्यांची मूठ खाली ओढायची. आत कर्बवायू भरतो, आग गुदमरते. माल भिजत नाही, म्हणून शेठ खूश. आत माणूस राहिला तर तोही गुदमरतो, हे मात्र मामाच सगळ्यांना सांगायचा, तेही कानाखाली वाजवून.

कामगार बहुतेक मिठागरातून आलेले, माझे बाबाही त्यातलेच. मिठागरात पहाटे आणि उन्हं कलल्यावर काम करायचं, भर दुपारी सावली धरून झोपायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. आणि अख्ख्या कारखान्यात गार जागा एकच, ती जाड भिंतींची बिनखिडकीची कोठी. जेवण झालं की हे लोक पिंपांच्या आडोशाला पथारी टाकत आणि मामा दंडुका घेऊन त्यांना हुसकत असे. एकदा त्यानं बाबांना उंबऱ्याशीच झोपलेलं पकडलं. मेहुणा म्हणून सोडेल तर तो मामा कसला! सगळ्यांदेखत फरपटत बाहेर काढून पाठ फुटेस्तोवर मारलं. घरी आई हळद लावत होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोप काही सुटली नाही. बाबा उंबरा सोडून पार मागच्या पिंपांआड निजायला लागले.

त्या दुपारी पिंप सरकवताना लोखंडी आकडा आपटला, ठिणगी उडाली आणि दाराजवळचं टर्पेंटाइन भडकलं. पिंप सरकवणारा पेटलेल्या कपड्यांनिशी बाहेर आला. मामानं त्याला लाथ मारून मातीत पाडलं, वर गोणपाट टाकून विझवलं. कोठीच्या मागच्या भिंतीला लागूनच आमची चाळ होती. मामानं दारातून "आत कोन हाय?" म्हणून बोंब ठोकली. उत्तर आलं नाही. त्यानं दार लावलं आणि मूठ ओढली. आग विझली. कोठीतला वायू निघून गेल्यावर लोक आत शिरले, तर मागं बाबा गुडघे पोटाशी घेऊन पडलेले. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती.

काकांनी मामाला मिठागराच्या चिखलात लोळवला, वल्ह्यानं मारला, उजवा हात मोडला. एवढा मारकुटा माणूस, पण त्यानं हात उचलला नाही. आई जवळ जाऊन म्हणाली, "तू मारलास म्हणून हे लपले. दादा, ह्यांचा आवाज आला व्हता का तुला?" मामा चिखलाकडे बघत राहिला. तेराव्याला तिनं पुन्हा तेच विचारलं. तो गप्पच. तेव्हापासून तिनं त्याचं नाव टाकलं.

गेल्या आठवड्यात आई आपणहून म्हणाली, उरणला जाऊ. मामाच्या घरात पाऊल टाकलं आणि मी चमकलो. एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी रिकाम्या, बिजागऱ्या गंजून लोंबत होत्या. मामीनं सांगितलं की बाबांच्या तेराव्यानंतर त्यानं डाव्या हातानं कुऱ्हाड चालवून सगळी दारं फोडली आणि चुलीत घातली. पाऊस आत येई, कुत्री आत येत, पण नवं दार त्यानं बसवू दिलं नाही.

आईनं खाली बसत विचारलं, "वयनी, त्यानं आवाज आयकला व्हता का?"

मामीनं चुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय, वन्सं. दार लावल्यावर... खोकल्याचा. मागं चालीत तुमी पोरांसकट व्हता, म्हणून मूठ वडली. जायच्या आदल्या दिशी बोलला."

"मी बी आयकला व्हता," आई म्हणाली. "भिंतीपलीकडून. ह्यांचाच खोकला, वलखला मी. पोरांना उचललं न् पलाले. कोनाला सांगितलं न्हाय."

मामी उठून चुलीकडे गेली. आई त्या बिनदाराच्या खोलीत, मामाच्या चटईवर, भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आम्ही तिला हाक मारली नाही.